नवं बूट

अंकिता शेडगेचं पहिलं गाणं आलं तेव्हा ते ऐकणाऱ्यांत निम्मे तिचे नातेवाईक होते आणि उरलेले तिचा मित्र कपिल याचे. 'शेवटची बस' असं त्याचं नाव. सांगलीच्या स्टँडवर गाडी चुकलेल्या मुलीचं गाणं. शब्द तिचे, चाल तिची, आवाजही तिचाच. ते कपिलनं ध्वनिमुद्रित केलं, गणपती पेठेजवळच्या त्याच्या खोलीत. खाली हळदीचं गोदाम होतं, म्हणून खिडक्या बंद. माइकमध्ये आवाज जातो म्हणून पंखाही बंद. दोघं घामानं निथळत गाणी करायची आणि बाहेर पडली की दोघांच्या कपड्यांना हळदीचा वास यायचा.

दुसऱ्या वर्षी त्यांनी चार गाण्यांचा एक छोटा संच काढला. त्याचं कौतुक झालं, म्हणजे एका पेपरच्या पुरवणीत चौकट आली आणि तिच्या वडिलांनी, आबांनी, ती कापून देवघराशेजारी चिकटवली. कौतुकानं चूल पेटत नाही. अंकिता सकाळी विश्रामबागेतल्या एका शाळेत मुलांना प्रार्थना शिकवायची आणि दुपारी गाणी लिहायची. आपल्याला गाता येतं, पण लोकांना थांबवता येत नाही, असं तिला हळूहळू वाटू लागलं होतं.

मग 'नवं बूट' आलं.

आलं तेव्हा तेही गरीबच होतं. संथ लय, मागं एकटी हलगी, आणि अंकिताचा चढत जाणारा आवाज:

'नवं बूट दारात, लेस सुटी राहिली,
राघू माझ्या, वाट तुझी उंबऱ्यानं पाहिली.'

सोडून गेलेल्या प्रियकराचं गाणं, असं सगळ्यांना वाटलं. महिनाभर ते जेमतेम चाललं. मग इचलकरंजीच्या एका पोरानं नवे पांढरे बूट घालून त्यावर नाचल्याचं रील टाकलं, आणि कराडकडच्या कुणा डीजेवाल्यानं चाल दुप्पट करून खाली ढोल घातले. तिथून पुढं गाण्याला पाय फुटले. ज्याला त्याला नवे बूट दाखवायचे होते. वरातीत, गणपतीत, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात पोरं लेस सोडून नाचू लागली. "दुसऱ्यानं आपल्या गाण्यावर गाडी चालवायची आणि आपण रस्त्याच्या कडेला उभं राहायचं का?" असं म्हणून कपिल आणि अंकितानं जलद चालीचं गाणं स्वतःच पुन्हा प्रसिद्ध केलं. ते मराठी गाण्यांच्या यादीत आधी विसावं आलं, मग सातवं, मग एका सोमवारी सकाळी पहिलं. आणि तिथं पाट मांडून बसलं. साताऱ्यातल्या एका चपलांच्या दुकानाचं उद्घाटनसुद्धा त्याच गाण्यावर झालं.

"नवे बूट दारात! इतकी ताजी प्रतिमा सुचली कुठून?" रेडिओवरच्या मुलाखतीत निवेदिकेनं विचारलं.

"गावाकडून," अंकिता म्हणाली, आणि पाण्याचा ग्लास उचलला.

ते सुचलं नव्हतंच. ते तिनं ऐकलं होतं.

अंकिताची आई ती लहान असतानाच गेली. तिला वाढवलं राहीबाईनं, म्हणजे आबांच्या धाकट्या बहिणीनं. नवरा वारल्यावर राहीबाई आपल्या पोराला, उदयसिंहला, घेऊन माहेरी निगडवाडीला आली होती आणि आबांनी तिला मागच्या दोन खोल्या दिल्या होत्या. अंकिता तिला आत्ती म्हणायची. उदयसिंह दोन वर्षांनी मोठा. दोघं एका ताटात जेवली, एका सायकलीवरून शाळेत गेली. आबा लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी भाच्याला पहाटे पळवून पळवून भरतीसाठी तयार केलं. तो निवडला गेला. आत्तीनं दुधाच्या पैशातून त्याला नवे बूट आणले आणि मागच्या खोलीच्या दारातल्या ट्रंकेमागं लपवून ठेवले, कारण आबा म्हणाले असते, "सरकार देतंय की बूट, कशाला खर्च केलास?" हजर व्हायला आठवडा राहिला असताना पोरगं संध्याकाळी मोटारसायकलवरून घरी येत होतं. हायवेवर उसाची ट्रॉली बिनदिव्याची उभी होती.

अजून हजर झाला नव्हता, म्हणून तो फौजी नव्हता. त्याला तिरंगा मिळाला नाही, सलामी मिळाली नाही. त्याला मिळालं ते फक्त आत्तीचं रडणं.

त्या भागात बायका नुसत्या रडत नाहीत, हेल काढून रडतात. गेलेल्याला हाका मारायच्या, त्याचं खाणंपिणं, त्याचे कपडे, त्याचे हट्ट सांगत सांगत सूर वर न्यायचा आणि तिथून सोडून द्यायचा. ते शब्द त्या घटकेला तोंडात येतात आणि त्या माणसाबरोबर जातात. पुरुष तेव्हा अंगणात बांबू बांधत असतात, गोवऱ्या मोजत असतात. त्यांना आतून नुसता आवाज येतो. शब्द कळतात ते आतल्या बायकांना. आणि रडणारीनं डोकं आपटून घेऊ नये म्हणून एकजण तिला मागून धरून बसते. त्या दिवशी आत्तीला अंकितानं धरलं होतं. नवं बूट दारात ऱ्हायलं रं माझ्या राघू, लेस बी बांधली न्हाईस रं, उंबऱ्याला काय सांगू रं, हे सगळं तिच्या कानाशी झालं होतं.

पुढं बऱ्याच वर्षांनी कपिल माइकची पातळी बघत होता आणि "काहीतरी म्हण" म्हणाला, तेव्हा तिच्या तोंडून तेच आलं. कपिलचे हात थांबले.

"हे काय आहे? थांब, थांब, परत म्हण."

गाणं बांधून झाल्यावर त्यानं विचारलं, "गीत कुणाचं लिहू?"

"माझंच की," अंकिता म्हणाली. त्या वेळी तिला ते खरंही वाटलं. कडवी तिनंच लिहिली होती, राघूचा प्रियकर तिनंच केला होता. उरला तो मुखडा. आणि रडण्याला काय कुणाची मालकी असते, असं तिनं स्वतःला बजावलं.

*

सत्कार आबांनी ठरवला. यात्रेच्या आदल्या दिवशी, मारुतीच्या देवळासमोर, मंडप घालून. छातीचं दुखणं असल्यामुळं डॉक्टरांनी त्यांना जिना चढायला बंदी केली होती. पण माणूस आठवडाभर वाडीभर हिंडत होता. ज्याला त्याला खिशातला फोन काढून दाखवायचा. त्या फोनची घंटी म्हणजे 'नवं बूट', तेही जलद चालीचं. "वाजीव की मला फोन," असं ते समोरच्यालाच सांगायचे, आणि फोन वाजला की उचलायचेच नाहीत.

मंडपात पुढं पुरुष खुर्च्यांवर, मागं बायका सतरंजीवर. सरपंचांचं भाषण झालं. मग आबांनी माइक हातात घेतला. परेडवर उभे राहावेत तसे उभे राहिले.

"माझ्या पोरीला आई न्हवती," ते म्हणाले. "तिला वाढवली ती माझ्या बहिणीनं. म्हणून शाल-नारळ कुठला पुढारी देनार न्हाई. राही देनार. राहे, ये वर."

आणि टाळ्यांच्या गजरात त्यांनी भोंग्यावर गाणं लावायची खूण केली.

मंडपात पोरं उठून नाचू लागली. अंकिता व्यासपीठावरून बघत होती. मागच्या सतरंजीवरच्या बायका पहिल्याच ओळीला एकमेकींकडे बघायला लागल्या. सगळ्या नाहीत, ज्या त्या दिवशी आत होत्या, त्या. रंगूबाईनं, शेजारच्या म्हातारीनं, पदर तोंडाला लावला.  पुढच्या रांगेतले पुरुष मान डोलावत ठेका धरत होते, त्यांना कशाचाच पत्ता नव्हता.

आत्ती पायऱ्या चढून वर आली. तिनं शाल उलगडली, अंकिताच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला. भोंग्यातून 'लेस सुटी राहिली' आलं तेव्हा तिचा हात क्षणभर शालीच्या टोकावर थांबला. मग तिनं ते टोक नीट केलं आणि खाली उतरली.  अंकिताला वाटलं होतं, आत्तीला कळणारच नाही.

घरी आल्यावर आत्ती मागच्या खोलीत भाकरी थापायला बसली. अंकिता दारात उभी राहिली.

"आत्ती, रागावलीस?"

"राग कशाचा? चांगलं हाय की गानं."

"आत्ती."

आत्तीनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "मी तवा काय बोलली हुती, त्ये मलाच ठावं न्हवतं बघ. रडताना कुनाला ठावं असतं? दादाच्या फोनातनं शबुद कवा नीट कळलं न्हाईत. आज त्या भोंग्यातनं ऐकलं आन् कळलं, आसं बोलली हुती व्हय मी."

अंकिताला रडू कोसळलं. "मी काढून टाकते. उद्याच सांगते कपिलला. सगळीकडनं काढून टाकते."

"आन् दादाला काय सांगशील?"

पुढच्या खोलीत आबांचा फोन वाजला. नेहमीसारखा त्यांनी तो तसाच वाजू दिला.

"त्याला काय बी म्हायती न्हाई," आत्ती खालच्या आवाजात म्हणाली. "बूट मी आनलं हुतं, त्ये सुदिक न्हाई म्हायती. भाच्याच्या मयताचं रडनं आपुन मांडव घालून गावाला नाचाय लावलं, हे त्याला कळलं तर त्येचं काळीज फुटंल. डाक्टरनं काय सांगितलंय तुला ठावं हाय. गप ऱ्हा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पण तुझं काय, आत्ती?"

"माझं काय? माझं तर गेलंच की." तिनं भाकरी उलटली. "जेव आता. गार हुईल."

अंकिता जेवली. गाणं काढावं लागणार नाही म्हणून तिला आतून हायसं वाटलं होतं, आणि त्या हायसं वाटण्याची तिला इतकी लाज वाटली की ती आत्तीच्या तोंडाकडं न बघताच जेवली.

*

पुण्याच्या एका कंपनीला आता आख्खा अल्बम हवा होता. सहा गाणी. "असंच काहीतरी," त्यांचा माणूस फोनवर म्हणाला. "मातीतलं. रॉ. तुमच्याकडं असेलच ना भरपूर?"

अंकिता बसायला लागली. वही उघडायची, पेटी ओढायची, आणि सूर लावला की तो धावत त्याच चढावर जायचा. शब्द तर तिला सगळे खोटेच वाटायचे. पूर्वी दिवसाकाठी एखादी बरी ओळ हाताला लागायची. आता घोडं जागचं हलेना. गाणं अजून यादीत पहिलं होतं आणि ते करणारीला एक ओळ सुचत नव्हती.

एके दिवशी दुपारी विश्रामबागेतल्या तिच्या गल्लीत कुणीतरी वारलं. कोपऱ्यावरच्या घरातून बाईचा हेल ऐकू आला. कर्नाटकाच्या हद्दीकडची असावी, शब्दांना कानडी वळण होतं, आणि सूर अगदी वेगळ्याच जागी मोडत होता. अंकिता खिडकीत गेली. ऐकत उभी राहिली. भानावर आली तेव्हा तिच्या हातात फोन होता आणि अंगठा रेकॉर्डिंगच्या लाल ठिपक्यावर होता.

तिनं फोन गादीवर फेकला आणि तशीच चालत कपिलकडं गेली. त्याला सगळं सांगितलं. बुटांचं, आत्तीचं, सत्काराचं आणि आताचंही.

 कपिलचे आजोबा गायन पार्टीत होते. चौदा एप्रिलला गावोगाव गाणी म्हणत हिंडलेले.

"आमच्यात गाणं रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात घालतात," तो म्हणाला. "आजोबांना लिहिता येत नव्हतं, पण दुसऱ्याचं गाणं म्हणताना त्याचं नाव कधी गाळलं नाही. शेवटचं कडवं म्हणायला वेळ नसंल तर ते गाणंच म्हणायचे नाहीत." मग तो म्हणाला, "मी तुला विचारलं होतं, अंकिता."

"विचारलं होतंस."

"अजून बदलता येतं. गीत राहीबाई. एका दिवसात होतं ते."

"आबा रोज फोनवर बघतात ते गाण्याचं पान. नाव बदललं की विचारतील, हे काय? मग काय सांगू?"

"खरं सांग."

"त्यांना झटका येईल, कपिल!"

"मग ते असेपर्यंत गप्प बसायचं, असं ठरलंय तर तुझं," कपिल म्हणाला. त्याला दुखवायचं नव्हतं, पण ते लागलं. अंकिता उठून निघून आली. पुण्याच्या कंपनीला तिनं नकारही कळवला नाही आणि होकारही.

*

दिवाळीनंतर आबांचं दुखणं वाढलं. साताऱ्याच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी, आता जपा, एवढंच सांगितलं. अंकिता शाळेतून रजा काढून निगडवाडीला आली.

पायरीवरच रंगूबाई भेटली. तिनं अंकिताला बाजूला घेतलं.

"तुला म्हनून सांगती. गेल्या म्हयन्यात पाटलाची म्हातारी ग्येली. राही ग्येली हुती. राहीसारखं रडनारी आपल्या वाडीत दुसरी कोन हाय? बसली, आन् पयला हेल काढला. तर दारातल्या पोरी एकमेकीला ढोसाय लागल्या. एक म्हनली, अगं, नवं बूट! एकीनं मोबाईल काढला. राहीनं बघितलं. तितंच थांबली बघ. पदर तोंडात घातला, आन् उठून आली. तवापासनं कुनाच्या मयताला ग्येली तरी गप बसून येती."

रंगूबाई रागानं बोलत नव्हती. पायरी दुरुस्तीला आलीय, असं सांगावं तसं सांगत होती.

आबा कॉटवर उशाला टेकून बसले होते. चेहरा बारीक झाला होता, पण पोरीला बघून खुलला. फोन छातीवर ठेवलेला.

"अजून पयलंच हाय का गं?"

"दुसरं झालं, आबा. मुंबईच्या एका गाण्यानं मागं टाकलं."

"असू दे. लय दिस पोस्ट राखली." ते हसले आणि त्यांना धाप लागली. आत्ती उशाशी बसून पाय चेपत होती. तिच्याकडं बघून ते म्हणाले, "मी गेल्यावर बघ, राही कशी रडती त्ये. आमच्या आईच्या वक्ताला रडली, तर पलीकडच्या वस्तीवरची मानसं काम टाकून आली. पलटनीत मी पोरांना सांगायचो, मला सलामी न्हाई मिळाली तरी चालंल. माझी भैन हाय."

"गप रं दादा," आत्ती म्हणाली. "काय बी बोलतोस."

"खरं त्ये बोलतोय. रडशील न्हवं?"

आत्तीनं मान हलवली. हो म्हणून की गप्प राहा म्हणून, ते कळलं नाही.  आत्ताच सांगून टाकावं, असं अंकिताला वाटलं. जे व्हायचं ते होऊ दे. सुरुवात म्हणून ती म्हणाली, "आबा, ती फोनची घंटी बदलू का? जुनी झाली आता."

आबांनी फोन मुठीत धरला. "ह्याला हात लावायचा न्हाई. मी मेल्याव बदला."

आत्तीनं अंकिताकडं बघितलं आणि डोळ्यांनीच, नको, म्हणाली. त्या दोघांच्या मधे अंकिताचं बोलणं तोंडातल्या तोंडात राहिलं. दोन दिवसांनी आबांना जरा उतार वाटला, म्हणून ती सांगलीला परतली.

*

आबा गेले ते रविवारी सकाळी, चहा पिता पिता. कपिलनं गाडी काढली आणि अंकिताला निगडवाडीला आणून सोडलं. 

अंगण पुरुषांनी भरलं होतं. लष्करातले जुने सोबती आले होते, टोप्या हातात घेऊन उभे होते. बांबू येऊन पडले होते. आत सोप्यात आबांना उत्तरेकडं डोकं करून निजवलं होतं, भोवती बायका. उशाशी आत्ती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती भावाच्या कपाळावरून हात फिरवत होती, ताप बघावा तसा.

अंकिता तिच्याशेजारी बसली. वडिलांचे पाय धरले. ते गार लागले तेव्हा तिला खरं वाटलं. पण रडू येईना.

"राहे, मोकळी हो बाई," रंगूबाई म्हणाली. "पाठीराखा गेला तुझा. धरून ठिवू नगंस."

बायका थांबल्या. अंगणातली बोलणीही कमी झाली. आबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं ना. सगळी वाडी राहीबाईच्या हेलाची वाट बघत होती. आत्तीनं पदर सावरला, डोळे मिटले, तोंड उघडलं.

आणि फोन वाजला.

भिंतीवरच्या खुंटीला आबांचा सदरा होता, त्याच्या खिशात. ढोल, ताशा आणि अंकिताचा चढलेला आवाज: 'नवं बूट दारात, लेस सुटी राहिली...' बातमी कळलेला कुणीतरी दूरचा माणूस फोन करत होता. मेलेल्या माणसाच्या सदऱ्याला हात लावायला कुणी धजेना. गाणं पुरं वाजलं आणि थांबलं. आत्तीचं तोंड तसंच उघडं होतं. परत वाजलं. दारातल्या एका लहान पोरीची मान नकळत ठेक्यावर हलली आणि तिच्या आईनं तिला चापट मारली.

अंकिता उठली. सदऱ्याच्या खिशातून फोन काढला. पडद्यावर आबांच्या कुणा सुभेदार मित्राचं नाव होतं. तिनं तो बंद केला, पुरता बंद केला, आणि परत येऊन बसली.

 आत्तीनं पुन्हा डोळे मिटले. ओठ हलले. बराच वेळ गेला. मग तिनं डोळे उघडले आणि भावाच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "दादा, रडनं यीना रं. माझ्याकडं न्हाईच ऱ्हायलं आता."

बाहेरून कुणीतरी खाकरलं. ऊन चढत होतं, तिरडी बांधून झाली होती. न रडता माणूस कसा उचलायचा, हे कुणाला सांगता येत नव्हतं.

"लेक हाय की," रंगूबाई म्हणाली. "अंके, तू रड. तुझा बाप हाय. आसा मुका जाऊ दिऊ नगंस त्येला."

सगळ्या बायकांनी अंकिताकडं बघितलं. आत्तीनं सरकून तिला मागून धरलं, त्या दिवशी अंकितानं तिला धरलं होतं तसंच. दोन हात पोटाशी, हनुवटी खांद्यावर. अंकिताला वाटलं, निदान एवढं तरी मी हिचं फेडीन. निदान आबांचा शब्द तरी राहील.

तिनं तोंड उघडलं. "आबा, माझ्या आबा, परेडला कोन जाईल हो..."

आवाज स्वच्छ आला. अगदी सुरात लागला. तिनं तो वर नेला, तिथं धरला, आणि सोडताना त्याला एक बारीकशी थरथर दिली. खोलीतल्या बायका ताठ बसल्या. अंगणात कुणीतरी दुसऱ्याला, गप, ऐक, म्हणालं. एका टोपीवाल्यानं मान डोलावली. दुसरी ओळ तिच्या ओठांवर तयार होती, यमकासकट, आणि ती ओळ चांगली आहे हे तिला म्हणायच्या आधीच कळलं.

तेवढ्यात मागून आत्तीचा हात आला आणि तिच्या तोंडावर बसला. खरखरीत, भाकरीच्या पिठाचा वास असलेला हात. तिनं तो दाबून धरला नाही, नुसता ठेवला.

"गाऊ नगंस, पोरी," आत्ती तिच्या कानाशी म्हणाली. "रड."